आमची वाटचाल: वेंगुर्ल्याचे पंचकर्म केंद्र

वेंगुर्ल्याजवळच्या वडिलोपार्जित घराच्या पडवीत आम्ही पंचकर्म, म्हणजे आयुर्वेदातील शरीरशुद्धीच्या पाच उपचारांचे, केंद्र सुरू केले, तेव्हा किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांसाठी दोन दिवसांचे पॅकेज ठेवावे, असा सल्ला अनेकांनी दिला. तो आम्ही स्वीकारला नाही. अभ्यंग (अंगाला तेल लावणे) आणि स्वेदन (वाफ देऊन घाम आणणे) ही शोधनाची, म्हणजे शरीरशुद्धीची, केवळ पूर्वतयारी आहे. विरेचन (औषधाने जुलाब करवणे) द्यायचे तर आधी अग्नीचा, म्हणजे पचनशक्तीचा, अंदाज घेऊन 3 ते 7 दिवस वाढत्या मात्रेत औषधी तूप पाजावे लागते, मग 3 दिवस तेल आणि वाफ, त्यानंतर विरेचन आणि पुढे 3 ते 7 दिवसांचा संसर्जनक्रम, म्हणजे हलक्या अन्नापासून हळूहळू नेहमीच्या जेवणावर येणे. हा क्रम सोडून केलेल्या उपचाराला पंचकर्म म्हणणे आम्हाला मान्य नाही.

त्यामुळे मे महिन्यातील गिऱ्हाईक हातचे गेले. केंद्राला आधार दिला तो पावसाळ्याने. पर्यटनाच्या धंद्याला आषाढ-श्रावण रिकामे जातात, परंतु आयुर्वेदानुसार वर्षा ऋतूत वात प्रकुपित होतो (बिघडून वाढतो) आणि बस्ती, म्हणजे गुदद्वारातून औषध देणे, हा त्यावरचा प्रमुख उपचार आहे. लावणी आटोपल्यावर कंबर आणि गुडघे धरलेली आसपासच्या वाड्यांतील माणसे आमच्याकडे येऊ लागली. रोज घरून येणे-जाणे शक्य असल्याने 5 अनुवासन (तेलाचे) आणि 3 निरूह (काढ्याचे) असा 8 बस्तींचा योगबस्तीचा क्रम त्यांना नीट पुरा करता येई. निरूहासाठी मध, सैंधव, तेल, कल्क (वाटलेल्या औषधांचा लगदा) आणि शेवटी काढा याच क्रमाने घोटून एकजीव करावे लागतात. हे काम माझी पत्नी, जी वैद्य आहे, आजही मदतनिसांवर सोपवत नाही. गरोदर स्त्रिया, हृदयविकाराचे रुग्ण आणि फार अशक्त व्यक्ती यांना आम्ही शोधन देत नाही.

पथ्याची बाजू कोकणाने सोपी केली. शोधनानंतर अग्नी मंद असतो, म्हणून प्रथम पेज, मग विलेपी (घट्ट मऊ भात), मग मुगाचे कढण असे अन्न चढत जाते, आणि आमचे बहुतेक रुग्ण पेजेवरच वाढलेले असतात. पेजेसोबतचा सुका बांगडा मात्र काही दिवस बंद ठेवायला त्यांना पटवावे लागते.

आता मुंबईचे चाकरमानीही शरदातल्या विरेचनासाठी कोकण रेल्वेने कुडाळला उतरतात. गणपतीनंतर पुन्हा दीर्घ रजा मिळणे त्यांना कठीण जाते, म्हणून त्यांची तपासणी आम्ही गणपतीच्या मुक्कामातच करून घेतो. दीपन-पाचनाची (भूक आणि पचन सुधारणारी) औषधे ते मुंबईत घेतात आणि दसऱ्यानंतर येऊन थेट स्नेहपान, म्हणजे औषधी तूप पिणे, सुरू करतात.