उद्या रस्ते बंद असतील

अनंत चतुर्दशीची आदली रात्र, पुणे

उद्या सकाळी मंडईतून मानाच्या गणपतींची मिरवणूक निघेल. मग परवा दुपारपर्यंत आमच्या सदाशिव पेठेतून गाडी बाहेर काढणं अवघडच. दरवर्षी आम्ही हे गृहीत धरतो. यंदा बंड्याच्या हृदयाचं दुखणं आहे, म्हणून आज रात्री बसून नीट विचार केला. कशासाठी सकाळपर्यंत थांबता येईल आणि कशासाठी अजिबात थांबायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

बंड्या आमचा स्पिट्झ जातीचा कुत्रा, वय अकरा. गेल्या लसीच्या वेळी डॉक्टरांनी त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाल्या, "मरमर, म्हणजे ठोक्यांमध्ये एक जादा आवाज, ऐकू येतेय. एक्स-रे आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेऊ." हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली झडप, म्हणजे मायट्रल व्हॉल्व्ह, जाड झालाय, नीट मिटत नाही. दर ठोक्याला थोडं रक्त उलटं फिरतं आणि डावा वरचा कप्पा फुगत जातो. लहान जातींच्या उतारवयातल्या कुत्र्यांमध्ये सगळ्यांत जास्त दिसणारा हृदयविकार हाच. डॉबरमनसारख्या मोठ्या कुत्र्यांचं वेगळं असतं. तिथे हृदयाचा स्नायूच ढिला पडतो, आणि कधीकधी पहिलं लक्षण म्हणजे कुत्रा धाडकन कोसळतो.

तेव्हापासून पिमोबेंडन हे हृदयाला बळ देणारं औषध चालू आहे, सकाळ-संध्याकाळ, खाण्याआधी तासभर. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात साडेतीनशेहून जास्त कुत्रे होते. हृदय मोठं झालंय पण अजून दम लागत नाही, असे. बंड्याही त्यातलाच. या औषधानं हार्ट फेल्युअर साधारण १५ महिने लांबल्याचं त्यात दिसलं. पंधरा महिने! कुत्र्याच्या आयुष्यात ते फार मोठे असतात.

औषधाइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे झोपेतला श्वास मोजणं. छाती एकदा वर, एकदा खाली, की एक श्वास. स्वप्नात पाय झाडत असेल तर थांबायचं. उकाड्यानं जीभ काढून धापत असेल तर तो आकडा धरायचा नाही. हे काम आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आपणहून घेतलंय. त्या जपमाळ घेऊन त्याच्याशेजारी बसतात, श्वासाला एक मणी. मी घड्याळ बघते आणि मिनिट झालं की "हं" म्हणते. आकडा कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाखाली. बंड्या बहुतेकदा २० ते २४ मध्ये असतो. ३० च्या आत असला की ठीक.

फुप्फुसांत पाणी साचायला लागलं, की बाकी काही दिसण्याआधी बहुधा हाच आकडा वाढतो. म्हणून त्याचा रोजचा आकडा आपल्याला पाठ हवा, नाहीतर वाढला हे कळणार कशावरून? थोड्या वेळानं पुन्हा मोजूनही तिसाच्या वरच राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. चाळिशीच्या पुढे गेला, किंवा पोट आत ओढून ओढून श्वास घ्यायला लागला, तर आधी गाडीत बसायचं आणि फोन वाटेत करायचा. आडवं होणंच टाळून, पुढचे पाय फाकवून, मान लांब करून तो बसून राहिला तरी तेच. अशा जनावराच्या तोंडात पाणी, मध, हळदीचं दूध काहीही ओतू नये. ते श्वासनलिकेत जायची भीती असते.

आज सगळ्यांना हिरड्याही बघायला लावल्या. गुलाबी हव्यात. बोटानं दाबून सोडलं की दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. पांढरट किंवा निळसर दिसल्या तर निघायचं. बंड्याच्या हिरड्या अर्ध्या काळ्या आहेत, म्हणून आम्ही डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघतो.

ढोलताशांची मला खरी धास्ती आहे. घाबरून धावपळ केली आणि घेरी येऊन पडला तर? घेरीत कुत्रा बहुधा लुळा पडतो आणि काही सेकंदांत उठून, काही झालंच नाही अशासारखा चालायला लागतो. फीटमध्ये पाय झाडतो, लाळ गाळतो, नंतर बराच वेळ भांबावलेला असतो. घरी फरक नाहीच कळला, तर निदान मोबाइलवर व्हिडिओ काढावा. डॉक्टरांना आपल्या वर्णनापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

लिहिताना सांगलीच्या मावशीची मनी आठवते. रात्री घरभर हुंदडत होती, पहाटे एकदम किंचाळायला लागली आणि मागचे दोन्ही पाय फरफटत आली. सगळ्यांना वाटलं गाडीखाली आली. डॉक्टरांनी मागचे पंजे हातात घेतले. गारठलेले, तळव्याच्या गाद्या निळसर, मांडीच्या आत नाडी लागेना. हृदयात झालेली गुठळी पुढे सरकून, महाधमनी मागच्या पायांकडे फुटते तिथे अडकली होती. मनी वाचली नाही. मावशी अजूनही म्हणते, "अगं, तिला साधा खोकलासुद्धा नव्हता." खरंच नसतो. हृदयविकाराच्या मांजरी कुत्र्यांसारख्या खोकत नाहीत. खोकल्यामागे बहुधा दमा असतो. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार सुमारे १५ टक्के मांजरांत सापडतो आणि त्यातल्या कितीतरी जणी जन्मभर ठणठणीत दिसतात. म्हणून मांजर तोंड उघडून धापायला लागली, की मी तरी क्षणभर थांबणार नाही. तिच्याशी झटापट करायची नाही, तोंड उघडून बघायचं नाही. टोपलीत ठेवायचं, वरून फडकं टाकायचं आणि निघायचं. त्या अवस्थेत नुसत्या भीतीनंही जीव जाऊ शकतो.

मांजर दूधभातावर वाढवणाऱ्या घरांना माझी कळकळीची विनंती आहे. टॉरीन हे हृदयाला लागणारं पोषकद्रव्य मांजराला मांस-मासळीतूनच मिळतं, तिचं शरीर ते पुरेसं बनवू शकत नाही. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की त्याच्या अभावानं मांजराचं हृदय फुगून दुबळं होतं आणि टॉरीन दिलं की सुधारतं. आपण शाकाहारी असलो तरी मांजर नाही.

हृदयाखेरीजही काही गोष्टींना सकाळ उजाडेपर्यंतची सवड नसते. बोका सारखा लघवीला बसतो आणि थेंबही होत नाही. लोक म्हणतात बद्धकोष्ठ झालंय. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेनसारखा मोठा कुत्रा ओकाऱ्या काढतोय, बाहेर काही पडत नाही आणि पोट ताशासारखं ताणलंय, तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो; तिथे तासांचा हिशेब असतो. आणि ताप आला म्हणून मांजराला घरातली पॅरासिटामॉल कधीही, अगदी अर्धीसुद्धा, देऊ नये. एक गोळी तिचा जीव घ्यायला पुरते.

हे सगळं जेवताना मांडल्यावर हे म्हणाले, "मग इथे थांबायचंच कशाला?" खरं होतं. लगेच नणंदेला फोन केला. ती वारज्याला राहते, तिच्या घराजवळचा दवाखाना रात्री उघडा असतो. तिथेही फोन करून विचारलं: उद्या डॉक्टर आहेत, ऑक्सिजनची सोय आहे. म्हणजे पहाटे पाचला, रस्ते बंद व्हायच्या आत, बंड्याला घेऊन निघायचं. इतकी वर्षं एकही मिरवणूक न चुकवलेल्या आई म्हणाल्या, "मीपण येते, टीव्हीवर बघेन की."

इकोचे रिपोर्ट, पिमोबेंडनची पट्टी आणि डॉक्टरांनी गरज पडली तर म्हणून लिहून दिलेली फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारी गोळी, एका पिशवीत भरली. फ्युरोसेमाइड फोन करून विचारल्याशिवाय द्यायची नाही, असं पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलंय. मानेचा पट्टा घरीच ठेवून छातीचा हार्नेस घेतलाय, म्हणजे गळ्यावर ताण येणार नाही. साडेचारचा गजर लावलाय.