शेवाळ खाणारा मासा कुठला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नवी टाकी घेतलेल्या बहुतेकांचा महिन्याभरात हाच प्रश्न असतो: काच हिरवी पडायला लागली, शेवाळ खाणारा कुठला मासा सोडू?

कुठलाच नको. दुकानदार 'सकर' म्हणून बोटाएवढा मासा देतो, तो तर नकोच नको. तो फूटभराच्याही वर वाढतो, मोठा झाला की शेवाळ सोडून इतरांच्या खाद्यावर ताव मारतो आणि घाणही त्याच मापाने करतो. मग कंटाळलेले लोक त्याला नदी-तलावात सोडतात. दक्षिण अमेरिकेतला हा मासा आज कोलकात्याजवळच्या पाणथळींत आणि आंध्रातल्या मत्स्यतळ्यांत मच्छीमारांची जाळी फाडतोय.

शेवाळ पोसलं जातं ते उजेडावर आणि पाण्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटवर. नायट्रेट आणि फॉस्फेट हे क्षार येतात मुख्यतः आपण टाकलेल्या खाद्यातून. माशाने शेवाळ खाल्लं, तरी विष्ठेवाटे ते परत त्याच पाण्यात! टाकीबाहेर काही जायचं तर पाणी बदलायला हवं, शेवाळ घासून काढायला हवं किंवा वाढलेली वनस्पती कापायला हवी.

यातलं मला सगळ्यात आवडणारं काम वनस्पतींचं. हॉर्नवर्ट आणि व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पती झपाट्याने वाढतात आणि शेवाळाच्या आधी घास पळवतात. तेही नको असेल तर घरातल्या मनी प्लांटची फांदी टाकीच्या काठावर अडकवा. मुळं पाण्यात, पानं बाहेर. पान पाण्यात बुडालं तर सडतं, एवढं सांभाळा. दर पंधरवड्याला हॉर्नवर्टची जास्तीची जुडी काढून टाका, म्हणजे त्याने शोषलेलं सगळं टाकीबाहेर जातं.

दिवा सहा ते आठ तास पुरे. दिवाणखान्यात शोभेसाठी रात्री अकरापर्यंत जळणारा दिवा माशांसाठी नसतो, पाहुण्यांसाठी असतो. टायमर लावा आणि टाकी खिडकीच्या उन्हातून हलवा. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकंच. गोल्डफिशला जठर नसतं, तो सदा भुकेलेलाच दिसणार; त्याच्या तोंडाकडे बघून घरातला प्रत्येकजण चिमूट टाकत राहिला, तर वनस्पती तरी किती पुरणार? आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलं की क्लोरीन बरंचसं उडून जातं. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला.

पाणीच हिरवं झालं असेल, तर दिवा बंद करून तीन दिवस टाकीवर जाड चादर टाका. एअर पंप मात्र चालू हवा. मग पाणी बदला. नव्या टाकीतली तपकिरी भुकटी पुसली की जाते, काही आठवड्यांनी यायचीही थांबते. निळसर-हिरवा, बुळबुळीत, वास मारणारा थर मात्र शेवाळ नव्हे, ते जिवाणू. त्याला कुणी तोंड लावत नाही. नळीने ओढून काढा.

मागच्या काचेवरचं शेवाळ मी घासत नाही. माझे मॉली मासे दिवसभर तिथेच चरत असतात.