नव्या फाईलमध्ये इम्पोर्ट केलं तरी ‘करप्ट’च: अ‍ॅक्सेसमधला माझा अनुभव

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमची फाईल बिघडली की पहिला सल्ला ठरलेला: कोरी फाईल घ्या, सगळं तिच्यात इम्पोर्ट करा. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. त्या अर्धवटपणापायी माझे तीन दिवस गेले, म्हणून उरलेला अर्धा भाग इथे लिहितोय.

टेबलं, क्वेऱ्या, रिपोर्ट सुरळीत आले. फॉर्म आणि मॉड्यूलही आले. डीबग मेनूतून कंपाईल केलं, तेही झालं. फाईल बंद करून पुन्हा उघडली आणि संदेश आला: व्हीबीए प्रोजेक्ट (फाईलमधला सगळा प्रोग्रॅमिंग कोड) वाचता येत नाही, तो काढून टाकला तरच डेटाबेस उघडेल. इथे ओके अजिबात दाबू नका. ओके दाबलं की मॉड्यूल, फॉर्म, रिपोर्ट या सगळ्यांमागचा कोड जातो आणि परत येत नाही. कॅन्सल करा, फाईलची प्रत काढा, ती प्रत दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहा, मगच पुढचं.

इम्पोर्ट केलं की फॉर्म नव्याने बांधला जातो असं मी धरून चाललो होतो. चूक तिथेच होती. फॉर्मचा आराखडा आणि त्याच्या मागचा कोड फाईलच्या पोटात बायनरी स्वरूपात असतो, आणि तो बिघाडासकट नव्या फाईलमध्ये येऊ शकतो. कॉम्पॅक्ट अँड रिपेअर कितीही वेळा चालवा, त्याचा जोर मुख्यतः टेबलांवर. असल्या फॉर्मला त्याने फरक पडला नाही.

आधी डीकंपाईल करून पाहावं, म्हणजे कोडची साठलेली कंपाईल केलेली प्रत टाकून द्यायची आणि मूळ कोड तेवढा ठेवायचा. रन खिडकीत एमएसअ‍ॅक्सेस.ईएक्सई, पुढे अवतरणचिन्हांत फाईलचा पूर्ण पत्ता, शेवटी /डीकंपाईल (टाइप अर्थात रोमनमध्ये). उघडताना शिफ्ट दाबून धरायचं, नाहीतर सुरुवातीचा कोड चालतो आणि लगेच पुन्हा कंपाईल होतो. मग बंद, कॉम्पॅक्ट, कंपाईल. बऱ्याच फाईली इथेच सुधारतात. माझी सुधारली नाही.

मग दोषी फॉर्म शोधणं आलं. एकेक फॉर्म तपासत बसू नका, निम्मे निम्मे करा. 64 फॉर्म असतील तर कोऱ्या फाईलमध्ये आधी टेबलं, क्वेऱ्या, मॉड्यूल आणायची आणि ती फाईल मूळ म्हणून जपायची. तिच्या प्रतीत 32 फॉर्म आणा, कंपाईल करा, सेव्ह करा, बंद करा, पुन्हा उघडा. बंद करून उघडणं फार महत्त्वाचं. माझा पहिला दिवस वाया गेला तो ही पायरी गाळल्यामुळे, कारण बिघाड उघडताना दिसतो, इम्पोर्ट करताना नाही. नीट उघडली तर दोष उरलेल्या 32 मध्ये. फॉर्म एकच बिघडला असेल तर 6 फेऱ्यांत सापडतो. दोन असतील तर दोन्ही निम्म्यांत संदेश येऊ शकतो, तेव्हा गोंधळू नका. माझ्याकडे पावतीचा एकच फॉर्म निघाला.

तो पुन्हा इम्पोर्ट करायचा नाही. जुन्या फाईलमध्ये कंट्रोल-जी दाबून इमिजिएट विंडो उघडा आणि अ‍ॅप्लिकेशन.सेव्हअ‍ॅजटेक्स्ट ही आज्ञा द्या: पहिला आकडा 2 (म्हणजे फॉर्म, रिपोर्टसाठी 3, मॉड्यूलसाठी 5), मग फॉर्मचं नाव, मग टेक्स्ट फाईलचा पत्ता. फॉर्म डिझाइनमध्ये उघडत नसला तरी हे कधीकधी चालतं. ती फाईल नोटपॅडमध्ये उघडा. वरच्या भागात पीआरटीडेव्हमोड, पीआरटीडेव्हनेम्स, पीआरटीमिप असे प्रिंटरच्या माहितीचे आकड्यांनी भरलेले तुकडे असतात, शिवाय नेममॅप (नावांच्या मागोव्याची नोंद). प्रत्येक तुकडा ‘बिगिन’पासून त्याच्याच ‘एंड’पर्यंत पूर्ण काढा, एक ‘एंड’ जरी मागे राहिला तरी फॉर्म परत चढत नाही. चेकसमची ओळही काढली तर चालते. सेव्ह करताना एन्कोडिंग होतं तेच ठेवा, नाहीतर मराठी लेबलांची प्रश्नचिन्हं होतील.

मग नव्या फाईलमध्ये लोडफ्रॉमटेक्स्ट, आकडे-नावं त्याच क्रमाने. आता फॉर्म खरोखर नव्याने बांधला जातो. 2128 क्रमांकाची चूक आली तर फोल्डरमध्ये एरर्स.टीएक्सटी तयार झालेली असते, अडलेली जागा तिच्यात कळते. त्याच नावाचा फॉर्म आधीच असेल तर न विचारता त्याच्यावर लिहिलं जातं, म्हणून हे नेहमी प्रतीतच करा. बंद करून उघडलं, संदेश नाही. पुन्हा चारदा उघडून पाहिलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

राहून गेलेलं: इम्पोर्टमध्ये रेफरन्सेस (कोड वापरतो त्या बाहेरच्या लायब्रऱ्यांचे दुवे) येत नाहीत, फाईल उघडताच कोणता फॉर्म दिसावा ही सेटिंगसुद्धा नाही. टूल्समधल्या रेफरन्सेसची यादी जुन्या फाईलमधून आधीच लिहून घ्या, क्रमासकट. एडीओ आणि डीएओ या डेटा हाताळायच्या दोन लायब्रऱ्या; यादीत एडीओ डीएओच्या वर गेलं की नुसतं ‘रेकॉर्डसेट’ लिहिलेल्या ठिकाणी टाइप मिसमॅच येतो आणि माणूस त्यालाही करप्शन समजतो. कोऱ्या फाईलमध्ये ऑब्जेक्ट आणण्याआधीच नेम ऑटोकरेक्टचा (नाव बदललं की इतर ठिकाणी आपोआप बदलणाऱ्या सोयीचा) मागोवा बंद करा. आणि बटणं दाबून काहीच होत नसेल तर आधी वरच्या पट्टीतलं एनेबल कंटेंट पाहा. नव्या फाईलला विश्वास मिळालेला नसतो.

टेबल इम्पोर्ट होताना ‘सर्च की सापडली नाही’ म्हणून अडलं तर दोष बहुतेक लाँग टेक्स्टच्या, म्हणजे मोठ्या मजकुराच्या रकान्यात असतो. तो मजकूर वेगळ्या पानांवर असतो आणि ओळीत फक्त त्याचा पत्ता. पत्ता चुकला की टेबल अडतं. फक्त रचना इम्पोर्ट करा आणि अपेंड क्वेरीने आयडीच्या टप्प्यांत ओळी आणा. अडलेला टप्पा पुन्हा निम्मा करत जा. खराब ओळीचे बाकीचे रकाने येतात, तेवढा मजकूर हाताने भरावा लागतो. टेबलं दोन हप्त्यांत आणलीत तर त्यांच्यामधले संबंध येत नाहीत, ते पुन्हा जोडा.

आता करंटप्रोजेक्टच्या ऑलफॉर्म्स, ऑलरिपोर्ट्स आणि ऑलमॉड्यूल्समधून फिरून सगळं टेक्स्टमध्ये काढणारं लहानसं लूप मी प्रत्येक फाईलमध्ये ठेवतो आणि डिझाइनला हात लावण्याआधी चालवतो.