पाडव्याच्या आदल्या रात्री जिब्राल्टर ओलांडताना

रविवार, ३० मार्च २०२५, चैत्र शुद्ध प्रतिपदा
मालागा विमानतळ

पहाटेचे पाच वाजलेत. माझ्या मनगटावर मात्र तीनच, कारण घड्याळ अजून मोरोक्कोतल्या टँजिअरच्या वेळेला आहे आणि ते बदलायला हात धजत नाहीये. काल दिवसभर मी त्या घड्याळाच्या भरवशावर होते.

डोळे चुरचुरतायत. झोपले तर विमान चुकेल, म्हणून लिहीत बसते.

माझा युरोपचा शेंगेन व्हिसा आज रात्री बाराला संपतो. आज सकाळी सातच्या सुमाराचं इथून इस्तंबूलचं विमान, तिथून मुंबई. तीन आठवड्यांपूर्वी स्पेनच्या तारिफाहून बोटीने टँजिअरला उतरले तेव्हा हे सगळं कागदावर सोपं दिसत होतं. मोरोक्को फिरायचं, २९ तारखेला सकाळच्या बोटीने परत यायचं, संध्याकाळी मालागा, रात्री झोप, सकाळी विमान. मध्ये समुद्र आहे १४ किलोमीटरचा. आमच्या घरापासून दौलताबादचा किल्ला साधारण तितकाच लांब. एक दिवस हाताशी ठेवायला हवा होता. शेफशाउएनमध्ये मी एक दिवस जास्त राहिले आणि तो दिवस काल मला फार महागात पडला असता.

काल सकाळी आईचा फोन. "आज शनिअमावास्या आहे, त्यात ग्रहण. आपल्याकडे दिसणार नाही म्हणून वेध पाळायचे नाहीत, पण तुझ्याकडे दिसतंय म्हणे. सुटेपर्यंत तरी बाहेर पडू नकोस गं." मी हो म्हटलं आणि साडेआठला पाठीवर सॅक टाकून हॉस्टेल सोडलं. अकराची बोट होती. आईला खोटं सांगितल्याची टोचणी मात्र दिवसभर राहिली, आणि एकेक गोष्ट बिघडत गेली तशी ती वाढतच गेली.

धक्क्यावर पोचले तर तिकीटखिडकीसमोर घोळका. अकराची बोट रद्द. कोणी म्हणे पूर्वेचा वारा सुटलाय, कोणी म्हणे बोटीत बिघाड आहे. या वाऱ्याला पलीकडे लेवांते म्हणतात आणि टँजिअरचे लोक शेर्गी. तो जोरात आला की या लहान जलद बोटी बंद होतात एवढं मला माहीत होतं. खिडकीतला माणूस फक्त "एकच्या बोटीचं बघू" म्हणत होता. एक वाजला, मग "तीनचं बघू". मी चार वेळा जाऊन विचारलं, चौथ्या वेळी त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. त्याचाही उपास होता, २८ वा रोजा. तेव्हा राग आला होता, आता नाही.

घड्याळाचं सांगते, कारण खरी धाकधूक त्याचीच होती. मोरोक्को २०१८ पासून वर्षभर ग्रीनिचच्या एक तास पुढे असतो, फक्त रमजानात तास मागे घेतो. एरवी हिवाळ्यात दोन्ही किनाऱ्यांवर एकच वेळ असते, पण यंदा रमजान मार्चभर असल्यामुळे स्पेन एक तास पुढे. त्यात मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं आणखी तासभर पुढे जातात. तो रविवार म्हणजे आज, वेळ पहाटे दोनची. म्हणजे काल निघताना पलीकडे एक तास जास्त आणि विमानाच्या वेळेपर्यंत दोन. भरीला किनाऱ्यावर फोन कधी मोरोक्कोचं नेटवर्क पकडत होता, कधी स्पेनचं, आणि खिशातल्या खिशात वेळ बदलत होती. दुपारी एकदा मला वाटलं, तासभर हातचा गेला. पोटात गोळाच आला. तेव्हापासून मनगटावरचं घड्याळच खरं मानायचं ठरवलं.

तीनच्या सुमाराला शेजारी बसलेल्या आजोबांनी माझा रडवेला चेहरा पाहून विचारलं, कुठे जायचंय. मग हातवारे करून सांगितलं: इथे बसू नकोस, मोठ्या बंदरावर जा. टँजर मेद. शहराच्या पूर्वेला चाळीसेक किलोमीटर, २००७ साली सुरू झालेलं. तिथून स्पेनच्या अल्जेसिरासला मोठी जहाजं जातात, ट्रक पोटात घेऊन जाणारी. त्यांना असा वारा सहसा अडवत नाही.

ग्रां टॅक्सी म्हणजे आपल्याकडची वडाप. सहा माणसं भरली की निघते. काल ती भरेना. मी दोन सीटचे पैसे दिले, एका पोराने दीड सीटचे दिले, आणि निघालो. डोंगराच्या कडेचा रस्ता, डावीकडे समुद्र, आणि समुद्रापलीकडे स्पेन इतका जवळ की पवनचक्क्या मोजता याव्यात. तारिफाला मी त्याच पवनचक्क्यांखालून लोस लान्सेसच्या किनाऱ्यावर चालले होते. १९८८ च्या १ नोव्हेंबरला त्या वाळूवर एका माणसाचा मृतदेह लाटांनी आणून टाकला. लहानशा होडीतून हाच पट्टा ओलांडायला निघालेल्यांपैकी तो एक, आणि तेव्हापासून किती गेले. माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये पासपोर्ट होता, त्यात व्हिसा होता, तिकीट होतं, आणि तरी माझे हात गार पडले होते. टॅक्सीत माझ्या शेजारी बसलेला तो दीड सीटवाला पोरगा बंदरापर्यंत आलाच नाही. अलीकडच्या वळणावर उतरला आणि डोंगराकडे चालत गेला. कुठे गेला, कुणास ठाऊक.

पाचच्या जहाजाचं तिकीट मिळालं. बाहेर पडल्याचा शिक्का बसला, आणि तो बसताच लक्षात आलं की माझा मोरोक्कोचा ई-व्हिसा एकदाच आत येण्याचा होता. आता मागे जायची सोय नाही. पुढे स्पेनने घेतलं तर घेतलं. पाचचं जहाज निघालं साडेसातला. ते अडीच तास मी कुठल्याच देशात नव्हते.

पावणेसातच्या सुमाराला अजानची वेळ झाली, आम्ही अजून धक्क्यालाच बांधलेले. जहाजाच्या हॉलमध्ये एकदम पिशव्या उघडल्याचा आवाज झाला. समोर एक पन्नाशीच्या बाई एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी मला न विचारता माझ्यासमोर कागदी रुमाल पसरला, त्यावर तीन खजूर, एक उकडलेलं अंडं आणि शेबाकिया ठेवलं. शेबाकिया म्हणजे पिठाच्या पट्ट्यांना पीळ घालून तळतात, मधात बुडवतात आणि वर तीळ. चिरोट्याची आणि चिक्कीची एकत्र चव. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी पहिला घास घेतला आणि मला रडू आलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. माझं स्पॅनिश मोडकंतोडकं, पण कळलं ते असं: त्या स्पेनमध्ये फुएनहिरोलाला एका म्हाताऱ्या जोडप्याला सांभाळायचं काम करतात. ईद दोन दिवसांवर, मुलं आजीकडे सोडून आल्यात, रविवारी सकाळी कामावर हजर व्हायचंय. गाडी खाली जहाजाच्या पोटात आहे. मी त्यांना खाल्ती म्हणायला लागले. तिकडच्या बोलीत खाल्ती म्हणजे मावशी.

अल्जेसिरासला उतरलो तेव्हा तिथले दहा वाजून गेले होते. गाड्यांची रांग वेगळी, चालत उतरणाऱ्यांची वेगळी, त्यामुळे खाल्ती दिसेनाशा झाल्या. खिडकीतल्या अधिकाऱ्याने व्हिसाचं पान उलटलं, तारीख वाचली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा तारीख वाचली. "मान्याना," म्हणाला. उद्या. मी विमानाचं तिकीट फोनवर दाखवलं. त्याने पासपोर्ट घेतला आणि मला भिंतीकडच्या बाकावर बसायला सांगितलं.

त्या बाकावर मी दोन तासांहून जास्त बसले. कोणी ओरडलं नाही, काही वाईट बोललं नाही. फक्त पासपोर्ट माझ्याजवळ नव्हता. समोर ट्यूबलाइटखाली एक झुरळ फरशीच्या सांध्यावरून सरळ चाललं होतं, भिंतीशी जाऊन परत फिरत होतं. मी त्याच्याकडेच बघत राहिले. परवा टँजिअरच्या जुन्या गावात इब्न बतुताची म्हणून दाखवतात ती छोटी कबर पाहिली होती. १३२५ साली, एकविसाव्या वर्षी हा माणूस त्या गावातून निघाला आणि फिरत फिरत आमच्या दौलताबादला, नंदुरबारला पोचला. बाबांना तिथला फोटो पाठवला तर त्यांनी उलट किल्ल्याचा फोटो पाठवला होता. बाकावर मला ते सारखं आठवत होतं. त्यालाही कुणीतरी कुठल्यातरी दारात असं बसवून ठेवलं असेल का? २४ वर्षांनी तो घरी परतला, तेव्हा आई गेलेली होती.

साडेबाराला पासपोर्ट परत आला. शिक्का बसलेला. मी पळत बाहेर आले. त्या वेळी मालागाला जाणारी एकही बस नव्हती, टॅक्सीला पुरतील एवढे युरो नव्हते. आणि बंदराच्या फाटकाबाहेर, पार्किंग लाइट लावून, खाल्तींची गाडी उभी होती. दोन तास. सकाळी त्यांना कामावर जायचं होतं.

गाडीत फार बोलणं झालं नाही. हीटर पायावर येत होता. मारबेया मागे पडलं आणि माझ्या फोनवर १:५९ नंतर एकदम ३:०० झाले. गाडीच्या घड्याळात २:००, माझ्या मनगटावर १:००. तिन्ही मी एकदम पाहिली. खाल्ती हसल्या आणि डॅशबोर्डवर बोटाने टिचकी मारून म्हणाल्या, हे मी ऑक्टोबरपर्यंत असंच ठेवते. फुएनहिरोलाची पाटी आली, गेली, गाडी थांबली नाही. मी म्हटलं, मला इथेच सोडा. त्यांनी मान हलवली. वीस-पंचवीस किलोमीटर पुढे येऊन त्यांनी मला विमानतळाच्या दारात उतरवलं. पैसे घेतले नाहीत. मी वाकून नमस्कार केला तर घाबरून मागे सरल्या, मग मिठी मारली.

आत्ता आईचा व्हिडिओ कॉल येऊन गेला. तिथे साडेआठ. गुढी उभारून झाली होती. हिरवं खणाचं कापड, वर तांब्या, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी थोडी वाकडी लागलेली. बाबा मागून म्हणत होते, अगं ती गाठी सरळ कर. मी ग्रहणाचं सगळं खरं सांगून टाकलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सणाचा दिवस आहे. गोड काहीतरी तोंडात घाल."

खाल्तींनी रुमालात बांधून दिलेलं एक शेबाकिया सॅकच्या वरच्या खणात होतं. रुमाल मधाने चिकटलाय, तीळ सुटून खणभर पसरलेत. ते खाल्लं. आता बोटं चाटून पुसते आणि पासपोर्ट हातात घेते, बाहेर पडण्याच्या शिक्क्याची रांग सुरू झालीये.