ओट्यावरून दिसेल असा

आईंचा फोन कढीत पडला, त्या दिवशी आमच्या घरात दुसऱ्या टीव्हीचा ठराव बिनविरोध मंजूर झाला.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. संध्याकाळी सात ते साडेनऊ ही त्यांच्या मालिकांची वेळ, तीच पोळ्यांची वेळ आणि नेमकी तीच हॉलमधला मोठा टीव्ही दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात असण्याची वेळ. कधी नवऱ्याचं क्रिकेट, कधी लेकीची कोरियन मंडळी. आईंनी तक्रार अशी कधी केली नाही. त्यांनी आपला फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायला सुरुवात केली. हा प्रयोग ज्यांनी केलाय त्यांना ठाऊक असेल की डब्याला टेकवलेला फोन एका ठरावीक कोनातच उभा राहतो आणि शेजारच्या फ्रिजचं दार लागलं की इंचभर सरकतो. त्या दिवशी दार जरा जोरात लागलं. मी झाऱ्याने फोन वर काढला तेव्हा मालिका चालूच होती. नायिकेच्या गालावर कढीलिंबाचं पान होतं आणि ती रडत होती.

जागा एकच होती, फ्रिज आणि खिडकी यांच्या मधली भिंत. तिथे वर्षानुवर्षं कालनिर्णय लागायचं. ते दाराच्या मागे गेलं (दुधाचा हिशेब लिहायला आता दार लावून घ्यावं लागतं). शिवणाच्या टेपने भिंत मोजली, ५८ सेंटीमीटर भरली. मला तोवर वाटत होतं की बत्तीस इंची टीव्ही म्हणजे बत्तीस इंच रुंद. ते माप कोपऱ्यातून कोपऱ्यात असतं. बत्तीस इंचीचा पडदा साधारण ७१ सेंटीमीटर रुंद आणि ४० उंच, चोवीस इंचीचा ५३ आणि ३०. म्हणजे आमची भिंत चोवीस इंची होती. इतक्या सोप्या गणितासाठी मी दोन संध्याकाळी इंटरनेटवर घालवल्या होत्या.

दुकानात जाऊन चोवीस इंची टीव्ही मागणं म्हणजे साड्यांच्या दुकानात शिरून अस्तराचं कापड मागण्यासारखं आहे. पुण्यातल्या तापकीर गल्लीतल्या दुकानदाराने आधी माझ्यामागे आणखी कुणी आलंय का ते पाहिलं. मग म्हणाला, “मॅडम, थोडे पैसे वाढवले की बत्तीस येतो. आणि आता मोठ्यांवरचा जीएसटीपण अठ्ठावीसचा अठरा झालाय, मी म्हणतो त्रेचाळीसच घ्या.” जीएसटीचं त्याचं म्हणणं खरं होतं. बत्तीस इंचापर्यंतचे २०१९ सालीच अठरा टक्क्यांवर आले होते, सप्टेंबर २०२५ मध्ये मोठेही आले. पण त्रेचाळीस इंची टीव्हीसाठी मला खिडकी काढावी लागली असती. भावातलं अंतर फारसं नसतं हेही खरं, बाजारात खप बत्तीसचा आणि चोवीसची निवड दोन-चार डब्यांची. तरी मी टेप पर्समधून काढून दाखवला आणि तो गप्प झाला. टेप बघितला की दुकानदार गप्प होतात, हा माझा पडद्याच्या कापडापासूनचा अनुभव आहे.

त्याने एक टीव्ही लावला. पोपट. लाल-निळा परदेशी पोपट, पंख पसरून अगदी सावकाश उडणारा. मग मधाची धार, मग धबधबा. हे पोपट कोणत्याही टीव्हीवर सुंदरच दिसतात, त्यासाठीच ते पाळलेले असतात. मी म्हटलं, “मराठी बातम्या लावा.” आणि बातम्या लागल्यावर मी टीव्हीच्या समोरून निघून डाव्या हाताला सहा फुटांवर जाऊन उभी राहिले, कारण आमचा गॅस तिथे आहे. कणीक मळताना मान जिथे असते तिथवर जरा वाकलेही. दुकानातला पोऱ्या येऊन विचारून गेला, “काकू, काही पडलं का?”

काही पडलं नव्हतं, पण निवेदिकेचा रंग मात्र उडाला होता. समोरून बरी गव्हाळ दिसणारी बाई कडेने पाहिलं की पातळ ताकासारखी. लेकीने आदल्या रात्री शिकवून पाठवलं होतं की पडद्याचे मुख्य प्रकार दोन, व्हीए आणि आयपीएस. व्हीएचा काळा रंग काळाकुळकुळीत, अंधारात समोर बसून सिनेमा बघायला उत्तम, पण बाजूला सरकलं की चेहरे फिके पडतात. आयपीएसचा काळा थोडा राखाडी वाटतो, पण कडेने बघितलं तरी रंग फारसे हलत नाहीत. खोक्यावर हे बहुधा लिहिलेलं नसतं. उभं राहूनच बघावं लागतं. स्वयंपाकघरात टीव्हीच्या बरोबर समोर उभं कोण असतं? आमच्याकडे टीव्हीच्या बरोबर समोर पाण्याचं पिंप आहे.

चित्र ज्यांनी बनतं त्या ठिपक्यांची (पिक्सेलची) चिंता मात्र मी केली नाही. चोवीस इंचीत १३६६ गुणिले ७६८ ठिपके मिळतात आणि शेजारच्या फुल एचडीवाल्याकडे १९२० गुणिले १०८० असतात हे कळलं होतं. लेकीनेच कागदावर हिशेब मांडला. ५३ सेंटीमीटरला १३६६ ने भागलं की एक ठिपका मिलीमीटरच्या दोन-पंचमांशाएवढा येतो, आणि निरोगी डोळ्यालाही एवढे ठिपके साडेचार फुटांपलीकडून सुटे दिसत नाहीत. ओटा सहा फुटांवर. आईंचा चष्मा भाताच्या वाफेने दर पाच मिनिटांनी धुरकट होतो, तो या हिशेबात धरलेलाच नाही.

आवाजाचं मात्र मी मनावर घेतलं. हल्लीच्या सपाट टीव्हींचे स्पीकर मागे नाहीतर खाली तोंड करून बसवलेले असतात. भिंतीला लावला की टीव्ही भिंतीशी बोलतो. एरवी चालतं, पण आमच्या टीव्हीला चिमणी, मिक्सर, कुकर आणि भांडी घासणाऱ्या मावशींच्या फोनवरच्या गप्पा यांच्यातून वाट काढायची होती. स्वयंपाकघरातला टीव्ही मुख्यतः ऐकायचा असतो. हात परातीत, नजर तव्यावर. मान वर जाते ती कुणी कुणाच्या कानाखाली वाजवली की. म्हणून दुकानात तीन टीव्ही ओळीने बातम्यांवरच ऐकले, गाण्यांवर नाही. गाणं वाईट स्पीकरही निभावून नेतो. बोलण्यातला ‘स’ आणि ‘श’ वेगळा कळला की समजावं, घ्यायला हरकत नाही. तिसऱ्या टीव्हीचा कळला.

स्मार्टपणाबद्दल थोडक्यात सांगते. या किमतीला रॅम एक जीबी, साठवण आठ, त्यातली निम्मी त्याची त्यालाच लागते. पहिल्या वर्षी धावतो, मग ॲप जाडजूड होत जातात आणि हा दमतो. काही स्वस्त टीव्हींवर ‘स्मार्ट’ लिहिलेलं असतं पण आतली अँड्रॉइड गूगलच्या परवान्याशिवायची असते. यूट्यूब चालतं आणि पैसे भरलेलं ॲप उघडायला गेलं की ते पाहुण्यासारखं दारातूनच परत जातं. दुकानातच आपलं ॲप उघडून दाखवायला सांगावं. आणि एचडीएमआयची भोकं दोन तरी असावीत, म्हणजे पुढेमागे टीव्हीची बुद्धी म्हातारी झाली तर एकात टीव्हीला पुन्हा स्मार्ट करणारी नवी स्टिक खोचून पडदा तोच वापरता येतो. आमच्याकडे माणसांच्या बाबतीतही हेच धोरण आहे, चष्मा बदलतो, कवळी बसवतो, बाकीचं शरीर तेच चालवतो.

घरी आल्यावर आईंनी पहिलं काम केलं ते रिमोटचं. प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी, तिला दोन रबरबँड. कणकेचा हात लागला तरी पिशवीला लागेल. इन्फ्रारेड त्या पातळ पिशवीतून आरपार जातं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. पिशवी दर सोमवारी बदलतात.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग शिमगा आला.

गुहागरजवळ आमचं घर आहे. शिमग्याला पालखी येते तेव्हा आठ-दहा दिवस तिथे जायचं. तिथला डबा टीव्ही गेल्या पावसाळ्यात कायमचा निजला होता. आईंनी विषय काढला नाही, फक्त निघायच्या आदल्या दिवशी भिंतीकडे बघत म्हणाल्या, “अगं, तो खुंटीवरून निघतो ना?” निघतो. म्हणूनच मी मागे हलता हात असलेला ब्रॅकेट घेतला होता, चार स्क्रू सोडवले की टीव्ही मोकळा. वजन एखाद्या गव्हाच्या पाच किलोच्या पिशवीहून कमी. पूर्वी हातात धरायला कडी असलेल्या चौदा इंची टीव्हीला पोर्टेबल म्हणायचे, तो उचलायला मात्र दोन माणसं लागायची. याला दोन गोधड्यांमध्ये गुंडाळून मागच्या सीटवर उभा ठेवला, आडवा नाही. आडवा ठेवला आणि वर कुणी मोदकपात्र ठेवलं तर संपलंच. कुंभार्ली घाटाच्या प्रत्येक वळणावर आई एका हाताने त्याला धरून होत्या. मला गाडी लागते, मला कुणी धरलं नाही.

घरी पोचलो आणि स्मार्टपणा उंबऱ्यातच गळाला. वाय-फाय नाही. फोनला दोन काड्या येतात त्या तुळशीवृंदावनावर ठेवला की. तिथून हॉटस्पॉट सोडला तर जांभ्याची दीड फुटी भिंत ओलांडून तो माजघरात येतो तेव्हा त्याच्यात जीव उरलेला नसतो. चित्र गोल गोल फिरत राहिलं. मग चुलतदिरांनी माळ्यावरून डीडी फ्री डिशचा डबा काढला. महिन्याचं भाडं नाही, एकदा छत्री आणि डबा घेतला की झालं, २००४ पासूनची सोय. छत्री कौलांवर होतीच, वाकडी झालेली. नवरा वर चढला आणि आई अंगणात उभ्या राहून हुकूम सोडू लागल्या. त्यांना हा अनुभव दांडगा. १९७२ साली २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यात दिसू लागलं. पुढे नारायण पेठेतल्या त्यांच्या माहेरी टीव्ही आला तेव्हा थोरला भाऊ अँटेना धरून गच्चीवर, आई जिन्यात आणि धाकटी बहीण टीव्हीसमोर अशी साखळी असायची. जिन्यातल्या माणसाला काहीच दिसत नसतं, त्याने फक्त ओरडायचं असतं.

छत्री जुळली, पण डब्याला मागे तीन भोकं, लाल, पांढरं, पिवळं. आमच्या टीव्हीला त्यासाठी एकच बारीक गोल भोक, इअरफोनसारखं. जोडणारी तीन शेपट्यांची वायर खोक्यात होती आणि खोकं पुण्यात. शृंगारतळीच्या बाजारात जाऊन ६० रुपयांना तशीच एक आणली. रंगाला रंग जोडला तर पडदा काळा आणि आवाजाऐवजी भुंग्यासारखी घरघर. नवऱ्याने वायरला, मी नवऱ्याला आणि आईंनी आम्हा दोघांना नावं ठेवून झाली. वाडीतला एक आठवी-नववीतला मुलगा पडवीत उभा राहून हे बघत होता. म्हणाला, “काकू, तांबडी पिन पिवळ्यात घालून बघा.” घातली. चित्र आलं. त्या बारीक पिनेवर चार कड्या असतात आणि कुठल्या कडीतून चित्र न्यायचं याचं प्रत्येक कंपनीचं वेगळं, हे त्याने मला लाडू खाता खाता समजावलं. असं काही खोक्यावर लिहिलेलं नसतं, हे मी दुसऱ्यांदा शिकले.

आईंची मालिका त्यावर लागत नव्हतीच. त्यांनी सह्याद्री लावून घेतलं. संध्याकाळी लाइट गेली तेव्हा मी हळहळले, पण हा टीव्ही चालतो बाहेरच्या अडॅप्टरवर, त्यावर १२ व्होल्ट, ३ अँपिअर लिहिलंय, म्हणजे फार तर ३६ वॅट. जुना पंखा याच्या दुप्पट खातो. दिरांच्या इन्व्हर्टरवर पंखा बंद करून टीव्ही चालू ठेवायचा असं ठरलं. ठरवलं कुणी, ते सांगायला नको.

परत आल्यावर चार स्क्रू पुन्हा आवळले. गोधडीचा एक दोरा अजून टीव्हीच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात अडकलाय, तो मी काढलेला नाही. आई गॅसपाशी जाऊन उभ्या राहिल्या, हातात कणकेचा गोळा.

“दिसतंय का?”

“जरासा खिडकीकडे घे.”

“आता?”

“अजून थोडा. अजून. हां, बास. नको गं, मगाशीच बरा होता.”