जळक्या वाड्यातून आलेली यंत्रं

स्वित्झर्लंडमधल्या बाझलला ऱ्हाइनच्या काठाकाठानं चालत गेलं की सोलिट्यूड बागेत तांबूस दगडाची एक भारदस्त इमारत लागते. झाँ तँगली या शिल्पकाराचं हे संग्रहालय, वास्तुरचनाकार मारिओ बोटानं बांधलेलं, १९९६ साली उघडलं.

आत खडखडाट. भंगारातली चाकं, पट्टे आणि मोटारी जोडून तँगलीनं यंत्रं उभी केली. त्यांतून माल काहीच निघत नाही. समोर जमिनीवर बटण असतं, ते पायानं दाबायचं. यंत्र कुरकुरत जागं होतं, डुगडुगतं, थोड्या वेळानं थांबतं. मग कितीही दाबा, विसावा झाल्याशिवाय हलत नाही. सारखी चालवली तर झिजतील म्हणून ही काळजी. यंत्राला दम खाऊ देणारी जागा मी पहिल्यांदाच पाहिली.

पण मी खिळून राहिलो एका अंधाऱ्या खोलीत. १९८६ च्या ऑगस्टमध्ये तँगलीच्या कार्यशाळेशेजारचा शेतकऱ्याचा वाडा वीज पडून जळाला. तिथले जळके वासे, वाकलेलं लोखंड, अवजारं त्यानं उचलून आणली, त्यांना जनावरांच्या कवट्या जोडल्या. मधोमध देव्हाऱ्यासारखं ठेवलंय मका कापायचं यंत्र. कंपनीचं नाव मेंगेले. आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत कैद्यांवर प्रयोग करणारा डॉक्टर त्याच घरातला! म्हणून या शिल्पसमूहाचं नाव 'मेंगेले-मृत्यूनृत्य'. बाझलला मृत्यूचा नाच नवा नाही. पंधराव्या शतकात इथल्या दफनभूमीच्या भिंतीवर तो रंगवलेला होता, १८०५ साली ती भिंत पाडली.

एक कवटी सावकाश जबडा उघडत होती आणि तिची सावली भिंतीवर माझ्याहून मोठी झाली होती. मला आजोळचं खळं आठवलं. मळणी यंत्राचा पट्टा फटफटू लागला की आजी आम्हा पोरांना हाताला धरून लांब न्यायची. मामाची दोन बोटं त्याच यंत्रात गेली होती, आणि पुढच्या हंगामात मामा पुन्हा त्याच्याच तोंडाशी पेंढ्या घालत उभा होता. ज्वारी त्याशिवाय घरात येणार नव्हती. तँगलीला हे ठाऊक होतं असं मला त्या खोलीत वाटत राहिलं.

संध्याकाळी नाटकगृहापुढच्या चौकात गेलो. तिथं त्याचंच १९७७ चं कारंजं आहे. पाडलेल्या जुन्या नाटकगृहातलं सामान वापरून केलेल्या लोखंडी आकृत्या उथळ पाण्यात उभ्या आहेत. त्यातली एक चाळणीनं पाणी उपसत होती. काठावर एक चिमुरडी तिच्याकडे बघत ओंजळीनं तसंच करत होती, बाह्या कोपरापर्यंत भिजल्या तरी.