नागपूरपेक्षा लहान देशातली संग्रहालयं

लिश्टनस्टाइन हा अख्खा देश १६० चौरस किलोमीटरचा. नागपूर महानगरपालिकेची हद्दसुद्धा त्याहून मोठी. लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या एका प्रभागात मावेल. मेअखेरच्या कडक उन्हाचा नवतपा चुकवायला आम्ही स्वित्झर्लंडला निघालो होतो. यादीत हा देश घुसला तो काकांच्या हट्टानं. काका टपाल खात्यातून निवृत्त झालेत आणि त्यांच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरी तिकिटांचे अल्बम कपाटात मावत नाहीत. "आल्प्स तुम्ही पाहा, मले फाडुट्सले घेऊन चला," एवढंच त्यांचं म्हणणं. फाडुट्स ही या देशाची राजधानी.

देशाला विमानतळ नाही. झुरिकहून रेल्वेनं सरगान्सला उतरायचं आणि समोर उभ्या असलेल्या पोपटी रंगाच्या बसमध्ये बसायचं. बस ऱ्हाइन ओलांडते, पासपोर्ट कुणी विचारत नाही. व्हिसा वेगळा लागत नाही आणि चलनही स्विस फ्रँकच. मग देश बदलला याचा पुरावा काय? त्यासाठी फाडुट्सच्या पर्यटन केंद्रात काही फ्रँक मोजून पासपोर्टवर शिक्का मारून मिळतो. काकूंनी लगेच मारून घेतला.

महत्त्वाची संग्रहालयं एकाच रस्त्यावर, पाच-दहा मिनिटांच्या अंतरात. रस्त्याचं नाव श्टेट्ले, गाड्यांना बंदी. वर डोंगराच्या कड्यावर राजवाडा, खाली द्राक्षमळे.

राष्ट्रीय संग्रहालयात मला सगळ्यात आवडल्या त्या बाल्झर्स गावाजवळच्या गुटेनबर्ग टेकडीवर सापडलेल्या ब्राँझच्या मूर्ती. लोहयुगातल्या, वीतभरही उंच नाहीत. त्यांच्यासमोर उभं राहिल्यावर नागपूरच्या संग्रहालयाची, म्हणजे अजब बंगल्याची आठवण झाली. १८६३ सालचा आपला अजब बंगला या संग्रहालयाहून कितीतरी जुना, पण शाळेच्या सहलीनंतर तिथे पुन्हा गेलेला नागपूरकर मला अजून भेटायचा आहे. मीही त्यातलाच.

या देशाचा इतिहास ऐकताना गंमत वाटत राहते. लिश्टनस्टाइन घराणं व्हिएन्नातलं, गडगंज. पवित्र रोमन सम्राटाच्या दरबारात मानाची जागा हवी, तर थेट सम्राटाच्या अखत्यारीतली जमीन नावावर हवी. म्हणून त्यांनी १६९९ मध्ये शेलेनबर्ग आणि १७१२ मध्ये फाडुट्स विकत घेतलं. १७१९ मध्ये दोन्ही जोडून संस्थान झालं आणि घराण्याचं नाव त्याला मिळालं. पुढे शंभराहून जास्त वर्षं गादीवरचा एकही राजा इथे फिरकला नाही! इथे येऊन राहणारा पहिला राजा फ्रान्झ योझेफ दुसरा, तोही १९३८ मध्ये. सैन्य १८६८ मध्येच मोडीत काढलं. त्याआधीच्या शेवटच्या मोहिमेवर ऐंशी जण गेले आणि एक्क्याऐंशी परत आले, कारण वाटेत एकाशी मैत्री झाली, असं इथले लोक सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण काकांनी ही गोष्ट तेव्हापासून भेटेल त्याला ऐकवली आहे.

कला संग्रहालय म्हणजे २००० साली उघडलेला काळ्या बसाल्टमिश्रित काँक्रीटचा चकचकीत ठोकळा. बाहेरून मला आवडला. आतल्या आधुनिक कलेपुढे मी फार टिकलो नाही. रत्नभांडार नावाच्या वेगळ्या छोट्या संग्रहालयात मात्र पाय रेंगाळले. अपोलो मोहिमांतून आलेले चंद्रावरच्या दगडांचे कण, त्यांच्यासोबत अंतराळात जाऊन आलेले या देशाचे इवलेसे झेंडे आणि अंडीच अंडी! अडुल्फ पेटर गूप या इथल्याच संग्राहकानं जमवलेली दोन हजारांहून जास्त ईस्टरची अंडी २०१० मध्ये देशाला दिली. त्यातलं फाबेर्जे या रशियन जवाहिऱ्याचं १९०१ सालचं सफरचंदाच्या फुलोऱ्याचं अंडं हिरव्या नेफ्राइट दगडाचं आहे. काकू तिथून हलेचनात.

काका तोवर शेजारच्या टपाल संग्रहालयात पोचले होते. पहिली स्वतःची तिकिटं १९१२ सालची, त्यांवर तेव्हाच्या म्हाताऱ्या राजाचा, योहान दुसऱ्याचा चेहरा. तेव्हा इथलं टपाल ऑस्ट्रिया चालवत होता. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचं चलन कोसळलं, तसा हा देश स्वित्झर्लंडकडे वळला. १९२४ पासून फ्रँक आला. आजची श्रीमंती यायच्या आधीच्या त्या ओढगस्तीच्या दिवसांत जगभरच्या संग्राहकांना विकलेली तिकिटं हा सरकारी तिजोरीचा मोठा आधार होता. काका काचेवर नाक टेकवून एकेक संच पाहत होते. "पाह्य बे, छपाई पाह्य! पत्र कोण पाठवते याच्यानं? हे अल्बमात ठेवासाठीच छापलं हाय." तिकिटांवर राजघराण्याच्या संग्रहातली चित्रंही आहेत. तो संग्रह युरोपातल्या बड्या खासगी संग्रहांपैकी एक, पण लोकांसाठी तो मांडला जातो मुख्यतः व्हिएन्नाच्या महालांत. त्यातलं लिओनार्दोचं ‘जिनेव्रा दे बेंची’ तर १९६७ मध्ये वॉशिंग्टनला विकलं गेलं. म्हणजे चित्र तिकडे आणि तिकीट इकडे. मला तरी या देशाचं खरं संग्रहालय हेच वाटलं. बाकी ठिकाणी ठेवलेलं बरंच काही बाहेरून आलेलं, हा कागद मात्र यांच्या स्वतःच्या कमाईचा.

दुपारी केस्क्न्योप्फ्ले खाल्लं. चीजमध्ये घोळलेले कणकेचे छोटे गोळे, वर तळलेला कांदा, सोबत सफरचंदाचा गर. काकूंनी पिशवीतली लसणाची चटणी काढली आणि मग ते उत्तम लागलं. बिलाबद्दल बोलत नाही.

राजवाड्यापर्यंत पायवाट चढते, पण आत जाता येत नाही, कारण राजघराणं खरोखरच तिथे राहतं. कुंपणाशी काका म्हणाले, "हे त आपल्या सीताबर्डीच्या किल्ल्यासारखंच झालं!" किल्ला लष्कराकडे, सामान्यांना ठरावीक दिवशीच आत प्रवेश, त्यातला एक १५ ऑगस्ट. योगायोग असा की लिश्टनस्टाइनचा राष्ट्रीय दिनही १५ ऑगस्टच. त्या दिवशी वाड्याशेजारच्या कुरणावर राजघराण्याची भाषणं होतात, तिथे सगळ्यांना आमंत्रण असतं. काकांनी तिथल्या तिथे पुढच्या वर्षीचा बेत ठरवून टाकला. "आणि झेंडावंदन?" काकूंनी विचारलं.

जाणार असाल तर सोमवार टाळा, राष्ट्रीय आणि कला संग्रहालय बंद असतात. फाडुट्स एका दिवसात आटोपतं. वर ट्रीझेनबर्गला सातेकशे वर्षांपूर्वी इथे येऊन वसलेल्या वाल्झर लोकांचं संग्रहालय आहे, ते आमचं राहिलं. सरगान्सची बस पकडायची होती आणि काका अजून तिकिटांच्या काउंटरवर भाव विचारत उभे होते.